मुऱ्हाळी सुकदेव नाना आणि त्यांची 'भावी'

धरणगावात सुकदेव नानांना कुणी आडनावाने ओळखत नाही. 'ठिबकवाले नाना' म्हटलं की पोस्टमनसुद्धा सरळ दारात येतो. मिसरूड फुटल्यापासून नानांनी शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरल्या. तालुक्यातली अर्धी लिंबं आणि पाऊण केळी आपल्या हातचं पाणी पितात, असं ते म्हणतात, आणि ते मोजायला अजून कुणी गेलेलं नाही.

आयुष्य नळ्यांत गेलं की माणसाला सगळीकडे नळ्याच दिसतात. मागे दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "नाना, रक्तवाहिन्यांत थोडी चरबी साठली आहे." शेतातल्या नळ्या क्षाराने तुंबल्या की त्यांत सौम्य आम्ल सोडून धुतात. नानांनी अगदी काळजीने विचारलं, "मंग ॲसिड ट्रीटमेंट दी देखू का?" डॉक्टरांनी त्या दिवशी फी घेतली नाही.

अशा माणसाने गाडी घ्यावी, तीही जुनी, सात सीटची, डिझेलवर चालणारी आणि चाकात माणूस उभा राहील एवढी उंच, याला कारण तसंच जबरदस्त होतं. कारणाचं नाव झुंबरअक्का.

अक्का नानांची सख्खी बहीण, पाच वर्षांनी मोठी. धुळ्याला देवपुरात दिलेली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुऱ्हाळी म्हणतात. नाना स्वतःच्या लग्नाआधीपासून दर आखाजीला एसटीने धुळ्याला जायचे, अक्काची पिशवी खांद्याला लावायचे आणि एसटीनेच घेऊन यायचे. दोघंही खिडकीसाठी भांडायची आणि शेवटी अक्का खिडकीत बसायची. त्यात कुणालाच काही कमी वाटलं नाही.

पण त्याच घरात अक्काची धाकटी जाऊ मंदाबाई. तिचं माहेर एरंडोलचं, भाऊ हितेंद्र सुरतेला कापडाच्या धंद्यात. तो दर आखाजीला चकचकीत गाडी घेऊन यायचा आणि गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत यायचा. गेल्या वर्षी नाना आणि अक्का पिशव्या घेऊन निघाले, तेवढ्यात मागून ती गाडी आली. मंदाबाईने काच खाली केली. आतला गारवा नानांच्या गालाला लागला.

"बाई, स्टँडपर्यंत सोडू का?"

मंदाबाईच्या मनात काही वाकडं नसेलही. पण 'एरंडोलपर्यंत' नाही, 'स्टँडपर्यंत'! तो शब्द नानांच्या छातीत बोरीच्या काट्यासारखा घुसला. अक्का म्हणाली, "नको मंदा, पाय मोकळा व्हतस." आणि एसटीत ती आपणहून कडेच्या सीटवर बसली. खिडकीसाठी भांडलीसुद्धा नाही. नानांनी त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या आखाजीला अक्का आपल्या गाडीतून माहेरी येईल.

गाडी मिळाली जळगावात. आधीच्या मालकाला निवडणूक लढवायची होती, म्हणून त्याने गाडीच्या मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'भावी नगरसेवक' लिहून घेतलं होतं. तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. मालकाने रागाने ब्लेड घेऊन अक्षरं खरवडली, पण 'नगरसेवक' निघालं आणि 'भावी' चिकटून राहिलं. नानांनी रॉकेल लावून पाहिलं, नानांच्या मंडळींनी, उषावहिनींनी, चिंच लावून पाहिली. शेवटी गावानेच गाडीचं नाव 'भावी' ठेवलं, आणि लोक विचारू लागले, "काय नाना, भावी आज चालू स्थितीत शे का?"

कारण भावी बहुतेक भविष्यातच चालायची. वर्तमानात ती पुना मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये उभी असे.

पुना मिस्त्री हा एरंडोल रस्त्यावरचा जुना माणूस. त्याची एक रीत होती. दुरुस्तीचा खर्च तो रुपयांत सांगत नसे, कापसात सांगे. समोरचा शेतकरी आहे, रुपयांत सांगितलं तर घासाघीस करील, पण कापसात सांगितलं की नशिबाला दोष देईल, असा त्याचा अनुभव. भावी पहिल्यांदा त्याच्या दारात आली तेव्हा त्याने बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"नाना, क्लचप्लेट गेली. दोन क्विंटल."

"बरं."

"पुढच्या चाकांचे बुश आणि लिंक रॉड. खड्ड्यात खडखड येते ना? तो एक क्विंटल."

"बरं."

"ही शिट्टी ऐका. टर्बो आहे. आज बदलला नाही तरी चालेल, पण बदलायचा झाला तर पाच क्विंटल. आणि हा काळा धूर इंजेक्टरचा. एक-एक करून बदलू, नाहीतर यंदाचं पीक तुम्ही गाडीतच पेरलं असं होईल."

नानांचं धरणगावच्या शिवेवर दोन एकर रान होतं. त्या मोसमात कापसाचा भाव पडला. सगळं गाव पारावर तोंड पाडून बसलं, आणि नाना एकटेच लगबगीने गाडी गॅरेजकडे न्यायला निघाले. भाव पडलाय तोवर लिंक रॉड उरकून घेऊ, असा त्यांचा हिशोब. पुना मिस्त्रीने क्विंटलही तेवढ्यात वाढवले, हे त्यांच्या लक्षात आलं, पण फार उशिरा.

उषावहिनींनी एकदाच मत दिलं. "गाडी लई उनात का जवाई? जवय देखो तवय मानपानच चालू शे!"

तरी नाना खूश होते. संध्याकाळी भावीला पाणी मारताना आजूबाजूला चार माणसं जमायची आणि नाना त्यांना टर्बोची शिट्टी ऐकवायचे, जणू घरात कुणी बासरी शिकत होतं.

आखाजी आठवड्यावर आली आणि नवंच प्रकरण निघालं. काटा. गाडी जरा लांब नेली की इंजिनच्या उष्णतेचा काटा उन्हाळ्याबरोबर वर चढायचा. पुना मिस्त्रीने पाहिलं. रेडिएटर निम्मा तुंबलेला, आणि इंजिनकडून त्यात गरम पाणी आणणारा वरचा रबरी होज तडकलेला.

"रेडिएटर धुऊन देतो. होज जळगावहून मागवतो. आखाजीनंतर."

"अरे, मुऱ्हाळी आखाजीनंतर जास का?"

"दुकानवाला गावी गेला नाना. त्यालाही बहीण आहे." मग दया येऊन त्याने एक युक्ती सांगितली. "काटा चढायला लागला तर हीटर लावायचा. इंजिनची गरमी तो आत ओढून घेतो."

"आतमा कोन ऱ्हास?"

"तुम्ही," पुना मिस्त्री म्हणाला, आणि जेवायला गेला.

नाना घरी आले. गाडीही कशीबशी आणली आणि तडकलेला होज काढून हातात घेतला. त्यांनी तो उलटसुलट केला, फुंकून पाहिला, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. अरे, ही तर नळी! एका बाजूने पाणी येतं, दुसऱ्या बाजूने जातं. आपण जन्मभर दुसरं केलं काय? त्यांनी आपल्या सामानातून ठिबकच्या मुख्य पाइपचा काळा तुकडा काढला, बरोबर मापाचा. दोन क्लॅम्प लावले, पिळले. पाणी भरलं. थेंब गळला नाही. सकाळच्या गारव्यात एक फेरी मारली आणि काटा झोपलेल्या म्हशीसारखा जागचा हलला नाही. नानांनी ही गोष्ट पुना मिस्त्रीला सांगितली नाही. एवढा आनंद कुणाला वाटायचा नसतो. जुना होज तेवढा त्यांनी डिकीत टाकला, कारण ठिबकवाला माणूस नळी कधी फेकत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना उजाडायच्या आत निघाले. उषावहिनींनी सांगितलं होतं, पूजेच्या दोन घागरी धुळ्याहूनच आणा, तिथल्या कुंभाराच्या चांगल्या असतात. नानांनी त्या घेतल्या आणि देवपुरात पोहोचले. गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवला. हितेंद्रसारखा तीनदा नाही, पाच वेळा.

अक्का ओट्यावर आली. नवं इरकली लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिने गाडीकडे पाहिलं, मग गाडीतून उतरणाऱ्या भावाकडे, आणि पदर तोंडाला लावला. मग लगेच सावरून आत वळून मोठ्याने म्हणाली, "चहा ठेवा वं! मना भाऊनी गाडी उनी!" भाऊ आला असं ती म्हणाली नाही. भाऊ दरवर्षीच यायचा.

चहा झाला, मग पोहे झाले, मग 'भाऊ एवढ्या लांबून आला' म्हणून जेवण झालं. निघायला दुपार टळटळीत झाली. पारा चव्वेचाळीसच्या आसपास. अक्का पुढच्या सीटवर ऐसपैस बसली, कुरडयांचा डबा मांडीवर. नाना किल्ली फिरवणार तोच मंदाबाई दारात दिसली. हातात पिशवी, चेहरा उतरलेला.

"काय व मंदा? हितेंद्र कव्हय येस?" अक्काने विचारलं.

"नही येत. फोन उना. काम लागनं म्हणे. मी जास यष्टीमा."

नानांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मंदाबाईने गाडी बघितली, लांबून बघितली, बस झालं. आता ती निघेल एसटीने आणि भावीचं काय होतं ते पाहायला कुणी असणार नाही. तेवढ्यात अक्काने दार उघडलं.

"यष्टीमा काबरं? एरंडोल रस्तामाच शे. चाल, बठ."

मंदाबाई मधल्या सीटवर बसली. आरशात नानांना तिचे डोळे दिसत होते, आणि ते डोळे गाडीची एकेक फट तपासत होते. नानांनी ठरवलं, आज एसटीसारखी चालवायची. हळू, पण पोहोचवणारी.

पारोळ्यापर्यंत सगळं देखणं झालं. एसी थंड होता. अक्काने मंदाबाईला विचारलं, "गार लागस का? पदर ले वाटलं तर." मंदाबाई 'हूं' म्हणाली. नानांची मान एवढी ताठ झाली, की ती आरशात मावेना.

पारोळा मागे पडलं आणि काटा हलला.

आधी थोडा. मग नानांनी त्याच्याकडे न पाहायचं ठरवलं, तरी तो हललाच. एसी बंद करावा लागला. काटा चढतच होता. आता एकच उपाय. नानांनी शंकराचं नाव घेतलं आणि हीटर लावला.

चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीच्या आतल्या जाळ्यांमधून भट्टीचा वारा सुटला. कुरडयांचा डबा कोमट झाला. मंदाबाईने पदराने वारा घेतला, मग काच खाली केली, तर बाहेरची लू आत आली आणि आतल्या लूला भेटली.

"सुकदेवभाऊ," ती शेवटी म्हणाली, "एसी गरम वारा फेकी ऱ्हायना ना."

नाना काट्याकडेच पाहत राहिले. पण अक्का होती. भावाने काय लावलंय ते तिला कळलं नव्हतं, पण भावाची मान खाली जाते आहे एवढं कळलं होतं.

"घाम येऊ दे, मंदा," ती समोर पाहत शांतपणे म्हणाली. तिच्या कपाळावरचं कुंकू नाकाकडे निघालं होतं. "घाम उना म्हणजे मंग वारा थंडा लागस. मोठ्या गाड्यास्मा असंच ऱ्हास."

मंदाबाईने काच पुन्हा वर केली. हितेंद्रच्या गाडीत असं कधी झालं नव्हतं. पण ही खरंच मोठी होती.

बॉनेटखाली मात्र दुसरंच शिजत होतं. ठिबकचा पाइप जन्मभर विहिरीचं गार पाणी प्यालेला. त्याला उकळत्या पाण्याची सवय कुठली? तो मऊ झाला, मग बेडूक गिळलेल्या सापासारखा फुगला, आणि एरंडोल थोडंच उरलं असताना फट्‌ असा आवाज झाला. पांढऱ्या वाफेचा लोट काचेवर आला. नानांनी कशीबशी गाडी रस्त्याकडेच्या निंबाखाली घेतली आणि बंद केली.

तिघंही उतरली. वाफ निवळल्यावर नानांनी बॉनेट उघडलं. काळा पाइप अळूच्या देठासारखा लोंबत होता. बाजूने एसटी गेली. खिडक्यांतून माणसं पाहत होती.

"अक्का," नाना हळूच म्हणाले, "मनी चूक शे. मीच लावना हाऊ पाइप."

मंदाबाई शेजारीच उभी होती. उद्या सगळ्या देवपुरात ही गोष्ट जाणार, याची नानांना खात्री होती. झुंबरबाईचा भाऊ आला, गाडी घेऊन आला, आणि बहिणीला उन्हात रस्त्यावर उभं केलं. स्वतःचं काही नाही. पण अक्काने आज सकाळी गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, 'मना भाऊनी गाडी उनी.' ते शब्द आता परत कसे घ्यायचे?

अक्काने मात्र लुगड्याचा पदर खोचला.

"चूक मंग देखसू. जुना पाइप कोठे शे?"

नानांनी डिकीतून तडकलेला होज काढून दिला. अक्काने तो बोटाने चाचपला. बापाच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, आणि त्याचा पाइप दर चार दिवसांनी तडकायचा. बाप शेतात, आई चुलीशी. बारा-तेरा वर्षांची झुंबर तो पाइप सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधायची आणि हाफचड्डीतला सुकदेव पट्टीचं टोक दाताने ओढून धरायचा. इतक्या वर्षांत दोघांनीही त्याची आठवण काढली नव्हती.

"पंक्चरवाला शे ना तो पुढे? ट्यूब लय. आन तेनी कैची बी लय."

नाना धावले. ट्यूबची पट्टी कापली गेली. अक्का होजवर एकावर एक वेढे देऊ लागली, प्रत्येक वेढा ताणून, निम्म्यावर निम्मा चढवत. नाना टोक धरून बसले, या वेळी हाताने, कारण दात आता तेवढे भरवशाचे नव्हते. होज जागेवर बसला. क्लॅम्प आवळले.

"आन पाणी?" मंदाबाईने विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजात तपासणी नव्हती.

नानांनी मान वर केली. रस्त्यापलीकडे लिंबाची बाग होती. रांगा दोरीत, नळ्या सरळ, टोकाशी फिल्टर. त्यांना बाग ओळखायला क्षणच लागला. "हाई तर मनी शे!" ते ओरडले. बाग त्यांची नव्हती. बागेतलं ठिबक त्यांचं होतं. मालक मळ्यातच होता. नानांना पाहून त्याने विचारलंही नाही, कॉक उघडून दिला. पण पाणी न्यायचं कशात?

गाडीत दोनच भांडी होती, पूजेच्या नव्या घागरी. नाना घुटमळले. आखाजीला घागर भरायची ती पितरांसाठी, आणि इथे पहिलं पाणी रेडिएटरला?

"बापानं काय इंजिनले पाणी पाजं नही का?" अक्का म्हणाली. "तेले कळी. घागर दे."

एक घागर नानांनी उचलली. दुसरी मंदाबाईने, न सांगता, कमरेवर घेतली. सुरतवाल्या हितेंद्रची बहीण, पायात उंच टाचेची चप्पल, लिंबाच्या बागेतून घागर भरून आणत होती आणि तिचं नवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. इंजिन निवल्यावर नानांनी फडकं धरून झाकण उघडलं आणि थोडं थोडं पाणी ओतलं. वेढ्यांवर ओल आली, पण थेंब पडला नाही.

गाडी सुरू झाली. टर्बोने शिट्टी दिली. "हीटर लावनाच पडी," नानांनी आता उघडच सांगितलं.

"लावा," मंदाबाई म्हणाली. "आते सवय व्हई गयी."

एरंडोलात मंदाबाईच्या दारात गाडी थांबली तेव्हा तिघंही आमसुलासारखी दिसत होती. मंदाबाईची चुलत भावजय धावत बाहेर आली. "कोनी गाडी व?"

नानांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मंदाबाईने चेहरा पुसला, गाडीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं.

"आमना झुंबरबाईना भाऊनी. दारमा उना लेवाले."

"एसी शे का?"

"शे ना! असा एसी तुमना गावमा कोनाकडेच नही."

अक्काला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मंदाबाईचा चुलतभाऊ शेजारीच राहायचा. त्याने गाडीतून ठिबकणारी ओल पाहिली आणि चांगुलपणानेच म्हणाला, "झुंबरबाई, मनी गाडी खाली शे. धरणगाव सोडी देस तुमले. पाचच मिनिट."

नाना म्हणणार होते, जा अक्का, उगाच उन्हात... पण अक्काने आतून दार ओढून घेतलं होतं.

"नको बापा. मना भाऊ लेवाले उना शे."

एरंडोल ते धरणगाव रस्ता तो केवढा! पण भावी त्या दिवशी बैलगाडीच्या चालीने गेली. मध्ये एकदा थांबून पाणी घातलं. हीटर भणभणत होता. अक्का मधूनमधून हाताने बॉनेटच्या दिशेला थोपटल्यासारखं करत होती, जसं गाभण गाईला चुचकारतात. दोघं लहानपणीच्या विहिरीबद्दल बोलत होती आणि हसत होती. नानांना काट्याकडे पाहायचं सुचलंच नाही.

गावाच्या कडेने एक गल्ली होती. नाना तिकडे वळवू लागले. अशा अवतारात बाजारातून कशाला जा?

"इकडे कोठे?" अक्काने विचारलं. "सरळ ले."

बाजारातून भावी शिट्टी वाजवत, ओल गाळत गेली. किराणावाल्याने हात वर केला. पुना मिस्त्री गॅरेज बंद करून घरी निघाला होता. तो जागच्या जागी उभा राहिला, त्याची नजर बॉनेटखालून टपकणाऱ्या पाण्यावरून आतल्या अक्काच्या तोंडावर गेली, आणि त्याने टोपी काढली.

घराशी गाडी उभी राहिली. उषावहिनी तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन ओवाळून टाकायला दारात आल्या होत्या. नाना उतरून पलीकडे धावले आणि त्यांनी अक्काच्या बाजूच्या दाराला हात घातला.

"थांब रे," अक्का आतूनच म्हणाली.

"काय व्हयनं?"

"समोरनी अजून बाहेर उनी नही."

नानांनी वळून पाहिलं. गल्लीतली दारं एकेक उघडत होती. कुणी ओट्यावर आलं, कुणी गच्चीवर. हीटर अजून चालूच होता. अक्का घामाने निथळत, कुरडयांचा डबा मांडीवर धरून, नजर समोर ठेवून बसली होती. समोरची म्हातारी काठी टेकत उंबऱ्यात आली, डोळ्यांवर हात धरून गाडीकडे पाहू लागली.

अक्काने पदर सारखा केला.

"आते उघाड."